साठवण-वलयातील दुर्मीळ अणुकेंद्रांची चाहूल: डिटेक्टरांची पार्श्वभूमी

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ पासून असलेल्या पेलेट्रॉन त्वरकात (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत लक्ष्यावर एकदाच आदळतो. एका वेळी एखाद-दुसरेच हाती लागणारे, अल्पायुषी अणुकेंद्र मोजायचे असेल, तर मात्र तोच आयन पुन्हा पुन्हा समोरून जायला हवा. ही सोय साठवण-वलयात, म्हणजे आयनांना बंद वाटेवर गोल गोल फिरत ठेवणाऱ्या यंत्रात, मिळते.

जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९० मध्ये सुरू झालेल्या वलयाचा परीघ सुमारे १०८ मीटर आहे आणि प्रकाशाच्या ७० टक्के वेगाने धावणारा आयन त्यात सेकंदाला जवळजवळ वीस लाख फेऱ्या घालतो. धातूच्या पट्ट्यांजवळून जाताना तो त्यांच्यावर अत्यंत क्षीण विद्युतभार प्रेरित करतो. विद्युतप्रवाह सुट्या कणांचा बनलेला असल्यामुळे त्यात अटळ खरखर असते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्येच दाखवले होते. त्याच खरखरीतून फेऱ्यांची वारंवारता आणि तिच्यावरून अणुकेंद्राचे वस्तुमान काढता येते. त्यासाठी सर्व आयनांचा वेग मात्र एकसारखा हवा. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बुडकर यांनी १९६६ मध्ये सुचवलेले आणि १९७४ मध्ये नोव्होसिबिर्स्कला सिद्ध झालेले इलेक्ट्रॉन-शीतन (एकाच वेगाच्या इलेक्ट्रॉनांच्या झोतासोबत आयन नेऊन त्यांचे वेग सारखे करणे) ते काम करते, पण त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात कित्येक अणुकेंद्रांचे आयुष्य संपून गेलेले असते.

अशा अणुकेंद्रांसाठी वेगवान आयनाला लांबचा आणि मंद आयनाला जवळचा मार्ग देऊन फेरीचा काळ समान ठेवण्याची युक्ती निघाली. फेरीचा काळ मोजण्यासाठी वाटेत कार्बनचा अतिपातळ पापुद्रा ठेवायचा आणि आयन जाताना त्यातून उडणारे इलेक्ट्रॉन टिपायचे. पण प्रत्येक फेरीत आयनाची थोडी ऊर्जा या पापुद्र्यात खर्च होते.

म्हणूनच माझ्या मते खरे वळण २०१० च्या सुमारास डार्मस्टाटला बसवलेल्या अनुनादी पोकळीने (ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत वाढवून दाखवणाऱ्या धातूच्या पोकळ डब्याने) आले. आयनाला स्पर्शही न करता ती एकट्या आयनाचा संकेत काही दशांश-शतांश सेकंदांत ओळखू लागली. उदाहरणार्थ, एरवी स्थिर असलेल्या थॅलियम-२०५ चे सर्व ८१ इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर त्याचा ऱ्हास होऊन शिसे बनते. २०२० च्या प्रयोगात तयार झालेल्या शिशाच्या आयनाला चिकटलेला, ऱ्हासातूनच जन्मलेला एकमेव इलेक्ट्रॉन वायूच्या झोताने काढून टाकून, असे आयन या अनुनादी पोकळीच्या डिटेक्टरने मोजले गेले आणि अशा थॅलियमचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) सुमारे २९१ दिवस निघाले.