पार्श्वभूमी : 'शेवटचं तेल' आणि खाटेजवळचा जोडीदार

वसईत किंवा वांद्र्यात कॅथलिक फादर आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी घेऊन घरात शिरले की शेजारपाजारचा आवाज आजही खाली येतो. 'आता काही खरं नाही' असा अर्थ काढला जातो. या संस्काराचं नाव बदलून साठ वर्षं उलटली तरी हेच.

4 डिसेंबर 1963 रोजी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मंजूर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटलं होतं, की या संस्काराला 'शेवटचा अभ्यंग' (अभ्यंग म्हणजे तेल लावणं) म्हणण्यापेक्षा 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणं अधिक उचित, आणि तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. निर्णय योग्यच होता, पण उशिरा आला. तोवर 'शेवटचा' हा शब्द लोकांच्या हाडात मुरला होता.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14-15) आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, म्हणजे प्रभू त्याला उठवील, असं आहे. तिथे सगळा भर बरं होण्यावर आहे. मध्ययुगात मात्र युरोपात तेल पुढे ढकलत ढकलत मरणाच्या घटकेपर्यंत गेलं आणि बाराव्या शतकात 'शेवटचा' हे विशेषण रूढ झालं. बाप्तिस्मा वगैरेंतल्या अभ्यंगांनंतर क्रमाने येणारा म्हणून 'शेवटचा', असा खुलासा काहीजण करतात. लोकांनी तो कधी ऐकून घेतला नाही. उलट समज असा पसरला, की तेल लागूनही जो वाचला त्याने पुन्हा मांस खायचं नाही, अनवाणी चालायचं नाही आणि बायकोजवळ जायचं नाही. म्हणजे तेलाने जिवंतपणीच संसार मोडायचा! तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या धर्मसभांना हा समज खोडून काढावा लागला. अशा घरची बायको फादरना बोलवायला का कचरत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पंधराव्या शतकात 'चांगलं मरण' शिकवणाऱ्या पुस्तिका आल्या. त्यांचा सल्ला होता, की मरणाऱ्याला बायकामुलांची फार आठवण करून देऊ नये, ती आसक्ती आत्म्याला अडकवते. जोडीदार म्हणजे मोह. 1551 मध्ये चर्चच्या ट्रेंट परिषदेने संस्काराची व्याख्या पक्की केली, तेव्हाही खाटेजवळच्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही.

नवा विधी 1972 मध्ये आला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा सगळ्या जागी तेल लागायचं. आता कपाळ आणि हात. ऑलिव्हचंच तेल हवं ही अटही सुटली, कुठलंही वनस्पती तेल चालू लागलं. नारळाच्या मुलखात ही सवलत छोटी नाही. मरणाऱ्याचा खरा संस्कार अखेरचं कम्युनियन (ख्रिस्तप्रसादाची भाकर), हेही पुन्हा ठासून सांगितलं गेलं. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ वाटेची शिदोरी. 1973 पासून ती नेमलेल्या प्रापंचिक माणसालाही नेता येते. तेल मात्र याजकाच्याच हातचं, असं 2005 मध्ये रोमने पुन्हा बजावलं. महिनाभर उशाशी बसलेल्या सिस्टरने तेल लावायचं नाही, आणि तासाभरासाठी आलेल्या फादरने लावायचं. धर्मशास्त्र काहीही म्हणो, वॉर्डात हे खटकतं.

जोडीदाराकडे लक्ष गेलं ते मुख्यतः हॉस्पिसमुळे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रोग्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांमुळे. 1967 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या हॉस्पिसने रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही शुश्रूषेत धरलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये वांद्र्यात उघडलं, तेही सिस्टरांच्या हाताखाली.

मग 2020 आलं. 20 मार्चला रोमने फर्मान काढून, संस्काराविना मरणाऱ्या कोरोनाग्रस्तांनाही दंडमाफीचं, म्हणजे पापांबद्दलच्या शिक्षेतून सुटकेचं, आश्वासन दिलं. त्या यादीत शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचाही उल्लेख होता. त्याच वेळी वॉर्डाच्या दाराबाहेर नवऱ्याला किंवा बायकोला थांबवलं जात होतं.