ग्रामसभा वेगळी, मासिक सभा वेगळी : नव्याने सरपंच झालेल्या मुलींसाठी

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीचा फोन आला, पोटनिवडणुकीत सरपंच झालीय, वय चोवीस. म्हणाली ताई, सगळे म्हणतायत ठराव सभेत झालाय, तू फक्त सही कर, करू का? मी विचारलं कुठल्या सभेत झालाय? ती गप्प. मग म्हणाली, म्हणजे? सभा म्हणजे सभाच ना.

मला तिचं अजिबात नवल वाटलं नाही कारण मी पण तिथूनच सुरुवात केली. तेवीस वर्षांची होते, बीकॉम झालेलं, साताऱ्यात एका सीएकडे एन्ट्र्या मारायचं काम करायचे आणि बाकी वेळ बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरायचे. सोडतीत आमचं सरपंचपद महिला राखीव निघालं, दादांचं म्हणजे वडिलांचं पॅनल होतं, घरात आधी आईचं नाव चाललेलं, आई म्हणाली मला नाही जमायचं, पोरगी शिकलेली आहे तिला उभी करा. १८ डिसेंबर २०२२ ला मतदान, २० ला निकाल, गुलाल, आणि महिनाभरात सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. त्या महिन्याभरात मला गावात किमान पन्नास जणांनी विचारलं असेल, "मीटिंग कधी हाय?" आणि प्रत्येकाच्या डोक्यात मीटिंग वेगळी होती. गावात दोन्हीला सभा म्हणतात, दोन्हीला मीटिंग म्हणतात, दोन्हीत ठराव होतात, दोन्हीकडे लिहायला भाऊसाहेबच असतात (तेव्हा ग्रामसेवक म्हणायचे, २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) आणि दोन्हीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही, एकाच कपाटात. बाहेरून बघणाऱ्याला काय फरक कळणार.

फरक कळायला एकच प्रश्न विचारायचा, इथे बसायचा हक्क कुणाचा?

मासिक सभा ही निवडून आलेल्यांची. लोकसंख्येप्रमाणे ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात, आमच्याकडे नऊ, आणि मी थेट जनतेतून निवडून आलेली, म्हणजे दहा माणसं. दर महिन्याला एक. मत दहा जणांचंच, समसमान झालं तर अध्यक्षाचं निर्णायक मत. ग्रामसभा मात्र गावातल्या प्रत्येक मतदाराची. मतदार यादीत नाव असलं की तो ग्रामसभेचा सदस्य, त्याला कुणी निवडून द्यावं लागत नाही आणि कुणी काढूही शकत नाही. निवडणुकीला उभं राहायला एकवीस पूर्ण लागतात पण ग्रामसभेला नाही, म्हणजे तुम्ही अठराव्या वर्षी यादीत नाव घातलं त्याच दिवशी ग्रामसभेत होतात, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. मला पण नव्हतं सांगितलं. अठरा ते तेवीस मी एकाही ग्रामसभेला गेले नाही, आमच्याकडे तेव्हा बाया जायच्याच नाहीत.

आता हे माझ्या घरात कसं उतरलं ते सांगते. माझ्या पहिल्या दोन मासिक सभांना दादा येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. कुणाला वावगं वाटलं नाही कारण दोन महिला सदस्यांचे मालकही येऊन बसलेले आणि त्या दोघी दाराजवळ बसलेल्या. विषय वाचला की सगळे दादांकडे बघायचे, दादा "हां घ्या" म्हणायचे, भाऊसाहेब लिहायचे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. दादांचा हेतू वाईट नव्हता, मला सांभाळून घ्यायलाच ते बसत होते. पण तिथे त्यांना मत नाही, सही नाही, आणि उद्या त्या ठरावाची चौकशी लागली तर नाव माझंच येणार. तिसऱ्या सभेच्या आदल्या रात्री जेवताना मी त्यांना म्हणाले, दादा उद्या तुम्ही येऊ नका, तुम्हाला काय विचारायचं ते ग्रामसभेत विचारा, तिथं तुमचा हक्क माझ्याएवढाच आहे. ते जेवण संपेपर्यंत बोलले नाहीत. सकाळी रानात गेले, सभेला आले नाहीत.

म्हणजे बघा, तोच माणूस, तीच मी. एका सभेत तो परका आणि दुसऱ्या सभेत तो मला उभं करून हिशोब मागू शकतो. ज्या पोरीला हे एवढं कळलं तिला अर्धं कामकाज कळलं असं मी समजते.

आता काम. ढोबळ सांगायचं तर काय हवं, कुणाला आधी द्यायचं, पैसा कुठे गेला हे ग्रामसभेचं, आणि ते कसं करायचं, कुठल्या पैशातून, बिल कधी हे मासिक सभेचं. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा, योजनेचे लाभार्थी ग्रामसभेत निवडायचे, वर्षाचा जमाखर्च तिथे वाचायचा. दर महिन्याचा खर्च, आलेले अर्ज, घरपट्टी पाणीपट्टीची वसुली, पत्रव्यवहार, निविदा हे मासिक सभेत.

इथे माझ्याकडून पहिली मोठी चूक झाली. घरकुलाच्या नावांवरून दोन गटात ताणाताणी चाललेली, एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं की ग्रामसभेत भांडणं होतील, आपण दहा जणांनी मासिकमध्येच यादी करून टाकू. मला पण भांडणाची भीती वाटत होती, मी हो म्हणाले. ती यादी तालुक्यावरून परत आली, ग्रामसभेचा ठराव जोडा म्हणून, आणि मग खास ग्रामसभा लावावी लागली, भांडण झालं ते झालंच वर लोकांना असं वाटलं की आम्ही बंद खोलीत काहीतरी शिजवत होतो. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. एका विधवा काकूंचं नाव आमच्या यादीत राहून गेलेलं, त्यांच्या घराला मागची भिंतच नाही हे आम्हा दहा जणांतल्या कुणालाच आठवलं नव्हतं, ग्रामसभेत त्यांच्या शेजारणीनं उभं राहून सांगितलं.

उलटी चूक पण होते. ग्रामसभेत हात वर झाले, टाळ्या वाजल्या, अमुक वस्तीचा रस्ता मंजूर, आणि लोक दुसऱ्या दिवसापासून जेसीबीची वाट बघतात. ग्रामसभेचा ठराव म्हणजे वर्क ऑर्डर नाही. पुढे ते काम आराखड्यात बसलं पाहिजे, इस्टिमेट झालं पाहिजे, तांत्रिक मान्यता, मग मासिक सभेत खर्चाचा ठराव. आणि पैसा कुठला ते बघावं लागतं, १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित होता म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, ४० टक्के अबंधित. रस्ता बंधितमधून होत नाही. हे पहिल्याच ग्रामसभेत लोकांना फोड करून सांगितलं असतं तर मला सहा महिने "सरपंचबाई रस्त्याचं काय झालं" ऐकावं लागलं नसतं. आता मी ठराव झाला की तिथल्या तिथे सांगते, आज हे ठरलं, आता यापुढे हे हे व्हायचंय आणि यात एवढे महिने जातील.

डिजिटल सहीच्या डोंगलचं, म्हणजे सही करायला कॉम्प्युटरला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचं, इथेच सांगते. बिलं आता ऑनलाइन जातात, तुमची आणि भाऊसाहेबांची सही लागते. तुमचं डोंगल तुमच्या पर्समध्ये पाहिजे, ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नाही, मालकांच्या खिशात नाही, दादांच्या कपाटात नाही. मासिक सभेचा ठराव क्रमांक बघितल्याशिवाय ते लावायचं नाही.

आता नोटीस आणि कोरम (सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी), हा भाग रुक्ष वाटेल पण सगळा खेळ इथेच होतो म्हणून जरा थांबून वाचा. मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी, विषयपत्रिकेसकट, आणि निम्मे सदस्य हजर पाहिजेत. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, वर्षाला किमान चार ग्रामसभा, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या धरलेल्या. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल ते. आमचे मतदार सतराशेच्या आसपास, १५ टक्के म्हणजे अडीचशेच्या वर होतात, म्हणून आम्हाला शंभर माणूस लागतं. चारशे मतदारांची वाडी असेल तर साठ.

शंभर माणूस काही फार नाही हो, लग्नात हजार येतात. तरी बऱ्याच ठिकाणी पहिली सभा कोरम नाही म्हणून तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा लावली की तिला कोरमच लागत नाही. म्हणजे वीस पंचवीस माणसांत गावाचे सगळे ठराव. ज्यांना हे माहीत असतं ते पहिल्या सभेला मुद्दाम माणसं आणत नाहीत. मला हे कळलं ते माझ्या पहिल्याच एक मेला, सभा तहकूब झाली, दुसरीला चोवीस माणसं, त्यात आम्ही दहा, आणि हजेरी वहीवर मात्र आठवड्याभरात घरोघर जाऊन नव्वद सह्या गोळा करायची तयारी चाललेली. मी वही घरी घेऊन गेले. त्यावरून बरंच बोलणं खाल्लं, पण चोवीस म्हणजे चोवीसच लिहिलं.

त्यानंतर मी एकच गोष्ट बदलली, महिला सभा खरी घ्यायची. कायद्यातच आहे की नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची सभा घ्यावी, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते, दोन बचत गटांच्या सह्या घेतल्या की झाली. मी ती मंदिरात दुपारी अडीचला घ्यायला लागले, भांडी उरकून जनावरांच्या वैरणीला जायच्या आधीचा तो वेळ असतो. पहिल्यांदा सतरा बाया आल्या, पंधरा ऑगस्टच्या आधी साठेक होत्या. त्या ज्या दिवशी दुपारी बोलतात त्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभेलाही येतात, कारण आपण मांडलेला विषय वाचतात का नाही हे बघायचं असतं. आमचा शंभराचा कोरम त्यांच्यामुळे पहिल्याच सभेला भरतो.

ग्रामसभेला लोक कटकट समजतात पण तिच्या ठरावात जे वजन असतं ते दहा जणांच्या ठरावात येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचंच घ्या, मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. हाच ठराव मासिक सभेत झाला असता तर ते दहा जणांचं मत झालं असतं, नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून कुणाच्या दारात कोण उभं राहणार होतं? गडचिरोलीतल्या मेंढा लेखात तर निर्णय बहुमतानं नाही, सहमतीनं होतात. ते आदिवासी भागातलं आहे, तिकडे पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्यामुळे पाड्याची सुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आमच्याकडे तसं नाही, पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे.

प्रोसिडिंगचं तेवढं पाठ करून ठेवा. दोन सभांची दोन बुकं वेगळी. सही करण्याआधी वरचं पान उघडून कुठल्या सभेचं आहे ते बघायचं, तारीख बघायची, आणि शेवटच्या ठरावाखाली मोकळी जागा सोडलेली असेल तर आडवी रेघ मारल्याशिवाय सही नाही. मोकळ्या जागेत नंतर काय काय लिहिलं जातं ते मी बघितलंय. मासिक सभेत "ऐनवेळचे विषय" म्हणून शेवटी जे येतं तिथे जास्त जागं राहायचं, चहा आलेला असतो, निम्मे उठलेले असतात आणि नेमका मोठा खर्च तिथे येतो. मी आता मोठा विषय ऐनवेळी घेतच नाही, पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर घ्या म्हणते. खडी क्रशर, मोठा टॉवर, गायरानातलं काही असलं की मासिकमध्ये सगळे हो म्हणत असले तरी मी ग्रामसभेपुढे ठेवते, माझं तरी हेच मत आहे.

आणि दोन्ही सभा घेणं ही तुमचीच जबाबदारी आहे. पुरेसं कारण नसताना घेतल्या नाहीत तर पद जाऊ शकतं, मासिकचंही आणि ग्रामसभेचंही तेच, त्यामुळे "या महिन्यात राहू दे सरपंचताई, सुगी चाललीय" असं कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी नोटीस काढायची. अविश्वासाला तर दोन्ही दारं लागतात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं ठराव आणता येत नाही, नंतर आणला तर आधी सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदान. सदस्य फिरले तरी गाव तुमच्या बाजूनं असेल तर तुम्ही टिकता.

त्या फोनवाल्या मुलीचा ठराव मासिक सभेचा निघाला, लाभार्थी निवडीचा. तिने सही केली नाही, ग्रामसभेची नोटीस काढली.

आमच्याकडे त्या १५ ऑगस्टला दादा ग्रामसभेत मागच्या रांगेत बसलेले. झेंडावंदन झालं, जमाखर्च वाचून झाला, आणि ते उभे राहिले. म्हणाले, सरपंचताई, खालच्या आळीला चार दिवसांनी पाणी येतंय, मोटर दुरुस्तीचं बिल तर दोनदा निघालंय, हे कसं? सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, मला घाम फुटलेला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी तेच सांगितलं, बिलं बघून पुढच्या मासिक सभेत विषय घेते. भाऊसाहेबांनी दादांच्या नावानिशी प्रश्न लिहून घेतला. पुढच्या मासिक सभेच्या अजेंड्यावर तो चार नंबरला होता.