पोल व्हॉल्टसाठी वयाची सोळा वर्षं भरायलाच हवीत का?

पोल व्हॉल्ट म्हणजे लांब, लवचिक काठीच्या (पोलच्या) आधाराने उंच आडवी दांडी ओलांडण्याचा खेळ. "आधी खांद्यांत ताकद येऊ दे, सोळाव्या वर्षानंतर बघू," हा सल्ला त्यासाठी पालकांना वर्षानुवर्षं मिळत आलाय. तो चुकीचा आहे.

लहान मूल पहिल्या दिवशी आडव्या दांडीवरून उडी मारतच नाही. हात वर केल्यावर पोहोचेल त्याच्या थोडंसं वर पोल धरायचा, चार-सहा पावलं धावायचं आणि पोलला लटकून वाळूत उतरायचं. यात पोल वाकतही नाही. ताकदीपेक्षा इथे लय लागते, आणि ती लहानपणी पटकन अंगात भिनते.

स्वीडनचा पोल व्हॉल्टर आर्मांड डुप्लांटिस अगदी लहानपणी घराच्या अंगणात शिकला. त्याचे वडीलही पोल व्हॉल्टर. 2018 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्याने 6.05 मीटर पार केले. अर्थात उशिरा आलेल्यांनाही दार बंद नसतं: रशियाची पोल व्हॉल्टर येलेना इसिनबायेव्हा पंधराव्या वर्षी या खेळात आली, पण त्याआधी तिच्यामागे दहा वर्षांचं जिम्नॅस्टिक्स होतं.

खरा धोका वयात नाही, देखरेख नसण्यात आहे. प्रत्येक पोलवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्याहून जास्त वजनाच्या मुलाने तो वाकवला तर मोडू शकतो. म्हणून प्रशिक्षक मुलाचं वजन विचारतो का, मॅट तपासतो का, पकड हळूहळूच वर नेतो का, हे आधी पाहा.