मामांचे काजू आणि सात डॉलरचा मग

हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या रसाची पहिली दारू गाळायच्या दिवसांत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामांकडे गेलो होतो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचता वेचता म्हटलं, "मामा, ही म्हातारी झाडं काढा, कलमं लावा. तिसऱ्या वर्षी धरतात, बीही मोठी." मामांनी मान वर केली नाही. "आणि तीन वर्षं भट्टीत काय घालू? तुझी पुस्तकं?"

मामा जुन्या वळणाचे, असं म्हणून मी विषय सोडणार होतो. पण हिशेबाला ते माझ्यापेक्षा पक्के. मग अडतं कुठे?

एक खेळ घ्या. नाणं उडवायचं, काटा पडला तर तुमचे १०० रुपये गेले. छापा पडल्यावर किती मिळणार असतील तर खेळाल? ११० ला कोणी सहसा तयार होत नाही; बहुतेकांचा आकडा २०० च्या आसपास येतो. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर सिद्धान्त मांडला. १९९२ च्या त्यांच्या मापनात हे प्रमाण २.२५ निघालं. म्हणजे १०० रुपये जाण्याचं दुःख १०० रुपये येण्याच्या आनंदाच्या सव्वादोन पट.

खरी गंमत पुढे आहे. 'गेलं' आणि 'आलं' हे कुठल्या शून्यापासून मोजायचं? १९९० मध्ये कानेमान यांनी नेच आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांबरोबर काही जणांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? उत्तर आलं सुमारे ७ डॉलर. ज्यांच्याकडे मग नव्हता ते तो विकत घ्यायला जेमतेम ३ डॉलर देत होते. तिसऱ्या गटाला विचारलं, मग हवा की पैसे? त्यांनाही मग ३ डॉलरचाच वाटला. नीट पाहा, पहिल्या आणि तिसऱ्या गटासमोरचा सौदा एकच: शेवटी हातात मग, नाहीतर पैसे. फरक एवढाच की पहिल्यांचा शून्य मग हातात आल्यावर सरकला होता.

मामांचा शून्य चाळीस वर्षांच्या झाडांवर आहे. तीन हंगामांचा तोटा नक्की, आणि तो सव्वादोन पटीने दुखणार. फायदा लांबचा, तोही 'बहुधा'.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं 'डावा मेंदू तर्काचा, उजवा भावनेचा' म्हणून हे सुटत नाही. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या दोन रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यांना कमी-जास्त रक्कम कळत होती, पैजेतली जोखीमही कळत होती. तोट्याची ही जादा धास्ती मात्र नव्हती. रुग्ण दोनच, तेव्हा फार ताणू नये. पण सावधपणा आणि भावना एकाच घरात राहतात असं दिसतं.

मामांनी देवळात कौलही लावला होता. मूर्तीला लावलेली फुलाची पाकळी कुठल्या बाजूची आधी पडते, त्यावरून देवाचं उत्तर ठरतं. पाकळी ओली असेतो चिकटते, सुकली की गळते. त्यात काजूचं ज्ञान नाही. पण निर्णय फसला तर दोष आपल्या माथी येत नाही, ही सोय मोठी. आणि हा काजू तरी कुठला इथला? पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलेला. पहिलं रोप लावणाऱ्यालाही शेजारी हसलेच असतील.

परवा फोनवर मी शून्यच हलवून पाहिला. "सगळी नकोत. कुठली झाडं असून नसल्यासारखी आहेत?"

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वरच्या कुंपणाकडली दहा. तिथले बोंडू तसेही माकडंच नेतात. पावसाच्या तोंडावर कलमं घेऊन ये."