नाव एकच, रकाने निराळे : कामगारांच्या ओळखनोंदी आम्ही कशा जुळवतो

वागळे इस्टेटमधील आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांचे पगारपत्रक सांभाळताना आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार ठरलेली असते : कामगार खरा, त्याचे कागदही खरे, तरी भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला आधार जोडायला गेले की नाव जुळत नाही असा शेरा येतो. असे का होते आणि नोंदी पुढे पाठवण्यापूर्वी आम्ही त्यांची तपासणी कशी करतो, हे आमच्या ग्राहकांना ठाऊक असावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

आमच्या अनुभवात अशा प्रकरणांत माहिती चुकलेली क्वचितच असते. चुकतो तो रकाना. आधारमध्ये संपूर्ण नाव एकाच रकान्यात लिहिलेले असते, पॅनच्या अर्जात आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव यांचे रकाने वेगळे असतात, पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र आणि बाकीचे नाव एकत्र येते, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आरंभी असते. म्हणून आम्ही प्रथम कोणत्या कागदावरील कोणता रकाना दुसऱ्यावरील कोणत्या रकान्याशी ताडायचा याची सांगड लिहून काढतो आणि मगच नावांकडे वळतो. पॅनचे पाचवे अक्षर येथे उपयोगी पडते, कारण ते धारकाच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरते. अर्ज भरताना आडनावाच्या जागी पहिले नाव पडले असेल, तर ते अक्षर पाहताच शंका येते. मात्र लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे लग्नापूर्वी पॅन काढलेल्या महिलेच्या क्रमांकात माहेरच्या आडनावाचे अक्षर दिसले तर ती चूक समजू नये.

मराठी नावातील मधला शब्द हा सर्वांत नाजूक भाग आहे. तो शब्द बहुधा व्यक्तीचे दुसरे नाव नसून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, परंतु इंग्रजी अर्ज त्याला सरळ मधले नाव म्हणतो. ‘सुनीता रमेश जाधव’ आणि ‘सुनीता महेश मोरे’ या एकाच बाई असू शकतात, पण संगणकाच्या दृष्टीने तीनपैकी दोन शब्द वेगळे ठरतात. अशा वेळी केवळ नावे ताडून निर्णय देणे आम्हाला मान्य नाही. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची सूचना पाहूनच आम्ही नोंदी एकत्र करतो. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही येत असल्याने पुढे तीनऐवजी चार शब्दांची सांगड घालावी लागेल.

रोमन लिपीतील स्पेलिंगचा घोळ तुलनेने सोपा आहे. १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स ही पद्धत नावाला उच्चारावरून संकेतांक देते. दीक्षित हे आडनाव ‘एक्स’ने लिहा वा ‘केएस’ने, संकेतांक एकच येतो, पण ही पद्धत पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे वैशाली ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने लिहिली की दोन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. उलट पाटील आणि पटेल यांना ती एकच संकेतांक देते, आणि ठाण्यात तर दोन्ही आडनावे शेजारी-शेजारी नांदतात! या कारणाने साउंडेक्सचा उपयोग आम्ही संभाव्य जोड्या शोधण्यापुरताच करतो.

जन्मतारखेबाबतही सावध राहावे लागते. जुन्या पिढीतील कित्येकांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच झालेला असतो, कारण शाळा जूनमध्ये उघडे आणि गुरुजी प्रवेशाला सोयीची तारीख लिहून मोकळे होत. त्यातच काही जुन्या आधारपत्रांवर केवळ जन्मवर्ष छापलेले आहे. वर्ष जुळत असून एका कागदावर दिवस-महिना नसेल, तर आम्ही ती विसंगती न मानता अपुरी माहिती मानतो.

तपासणीनंतर प्रत्येक नोंद जुळली, जुळली नाही किंवा माणसाने पाहावी, यांपैकी एका गटात जाते, आणि तिसऱ्या गटातील नोंद आमचा कर्मचारी कामगाराशी बोलल्याखेरीज पुढे जात नाही. दुरुस्ती सुचवण्यापूर्वी कोणता कागद आधारभूत धरायचा हे आम्ही आपल्याशी ठरवून घेतो, कारण आधारमधील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईने केलेली दुरुस्ती ती संधी वाया घालवते.

आपण कामगारांची यादी पाठवताना आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि पतीचे नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे, जो रकाना लागू नाही तो रिकामा सोडावा, आणि या तपासणीसाठी आधारची प्रत शेवटचे चारच अंक दिसतील अशी द्यावी.