सत्तर टक्क्यांचा पेच: जुन्या इमारतींचा पैसा आणि संमती

मुंबईत भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि पागडी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरू होण्याची पद्धत, रुजली; तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती मात्र होईना. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला; निधीत राज्य आणि पालिकेनेही भर घालायची असे ठरले. सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात गेल्या, त्यानंतरच्या 'ब' आणि 'क' मध्ये. पण चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा होती. त्यापुढची रक्कम रहिवाशांनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. परिणामी अनेक चाळींच्या लाकडी जिन्यांखाली टेकू लागले आणि तिथेच राहिले.

1986 मध्ये म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) 1976 च्या कायद्यात नवे प्रकरण आले: 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेतर्फे मागणी केली, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळामार्फत इमारत संपादित करता येईल, आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळेल. मालक न्यायालयात गेले. भाडे काही दशके जुने, मग शंभर पट तरी किती होणार, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता.

पुढे हाच 70 चा आकडा पुनर्विकासाच्या नियमांतही आला. तिथे सरकारने रोख रक्कम घातली नाही, वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, दिली. ते जास्तीचे बांधकाम विकून विकासकाने जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यायचे. खरा पेच इथे आहे. संमती मोजायची ती डोक्यांवर. तळमजल्याचा दुकानदार आणि तिसऱ्या मजल्यावरचा एका खोलीचा भाडेकरू, दोघांची सही सारखीच. घर किती मोठे, संक्रमण काळात भाडे कोण देणार, नव्या इमारतीची देखभाल कोणत्या पैशातून, यावर एकमत आहे की नाही हे टक्केवारीतून कळत नाही. दोन विकासकांनी एकाच इमारतीत सह्या गोळा केल्या की 70 कोणाचे, यावरच वर्षे जायची. 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीने हा आकडा 51 वर आणला. उरलेल्या 49 टक्के लोकांचे काय, ही चर्चा मात्र फारशी झाली नाही.

2022 मध्ये धोकादायक इमारतींसाठी क्रम लावला गेला: मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, नंतर मंडळाकडून संपादन. या कलमाखाली मंडळाने काढलेल्या 935 नोटिसांना मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्थगिती दिली. त्याआधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, मालकांच्या त्याच जुन्या खटल्यात, प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचे साधन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने दिला. 1986 च्या प्रकरणाची वैधता मात्र तेव्हा ठरली नाही.