दाबूदोंगचा सेनापती, गांदोचा अधिकारी

10 जुलै 2020 रोजी दक्षिण कोरियाचे जनरल पैक सन-यप वयाच्या 99व्या वर्षी वारले, आणि त्यांना कुठे पुरायचे यावरून देशात वाद पेटला. काहींच्या मते देश वाचला तो त्यांच्यामुळे. काहींच्या मते जपान्यांची चाकरी केलेल्या माणसाला राष्ट्रीय दफनभूमीत जागाच नको. दोन्ही बाजू खऱ्या घटनांवर बोट ठेवत होत्या.

पैक यांचा जन्म 1920चा, प्योंगयांगजवळचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. वडील लवकर गेले. हालअपेष्टांना कंटाळून आई मुलांना घेऊन तेदोंग नदीच्या पुलावर जीव द्यायला गेली होती, थोरल्या बहिणीने तिला परतवले. पैक अध्यापक विद्यालयात शिकले, पण ओढ लष्कराची. कोरियन मुलाला ती वाट जपानी छत्राखालीच मिळत होती. ते मांचुकुओच्या, म्हणजे जपानने ईशान्य चीनमधल्या मांचुरियात उभारलेल्या बाहुल्या राज्याच्या, सैनिकी शाळेत गेले आणि 1943पासून गांदो विशेष दलात अधिकारी होते. हे दल मांचुरियातल्या कम्युनिस्ट गनिमांच्या मागावर असे. त्यातले सैनिक बहुतेक कोरियन होते आणि ज्यांचा पाठलाग चाले त्या गनिमांतही कोरियन होते. नंतर आठवणी लिहिताना पैक यांनी हे नाकारले नाही. तरुणपणी दुसरी वाट नव्हती, हे म्हणणे मला पुरते पटत नाही. त्याच वयाचे काही कोरियन डोंगरात जपान्यांशी लढत होते.

जपान हरला, कोरिया उत्तर-दक्षिण दुभंगला आणि 1945च्या अखेरीस ते दक्षिणेत आले. नव्या सैन्याला प्रशिक्षित अधिकारी हवे होते, आणि ते जपानी किंवा मांचुकुओच्या फौजेत शिकलेल्यांतच सापडत. 1948मध्ये दक्षिणेतल्या काही सैनिकांनी केलेल्या बंडानंतर लष्करातल्या डाव्यांची धरपकड झाली तेव्हा पैक गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. त्या वेळी एका मेजरचा जीव त्यांच्या शब्दामुळे वाचला. तो मेजर म्हणजे पुढचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही.

25 जून 1950ला उत्तर कोरियाने हल्ला केला तेव्हा पैक 29 वर्षांचे कर्नल होते, पहिल्या डिव्हिजनचे प्रमुख. तीन दिवसांत हान नदीवरचा पूल आपल्याच सैन्याने उडवला आणि त्यांची माणसे तोफा, अवजड सामान मागे टाकून नदीपार आली. ऑगस्टपर्यंत सगळे मागे रेटले जाऊन नाकदोंग नदीच्या रेषेवर पोचले. देगू शहराच्या उत्तरेला दाबूदोंगचे डोंगर. ते पडले असते तर देगू उघडे पडले असते.

त्या डोंगरांवर ट्रक चढत नसत. गावकरी पाठीवर 'जिगे' नावाची लाकडी चौकट बांधून भाताचे गोळे, पाणी आणि दारूगोळा वर नेत, उतरताना जखमींना आणत. भरतीला कोवळी पोरे येत, जेमतेम बंदूक धरायला शिकलेली. एके दिवशी पैक यांची एक बटालियन टेकडी सोडून खाली येऊ लागली. शेजारच्या अमेरिकन रेजिमेंटची बगल उघडी पडली आणि तिचे कर्नल मायकेलिस भडकले. मलेरियाच्या तापातले पैक जीपने तिथे पोचले. सैनिक दोन दिवसांचे उपाशी होते. आता मागे सरकायला जमीनच उरलेली नाही, मी पुढे चालतो, मी माघारी फिरलो तर मला गोळी घाला, असे सांगून ते चालू लागले. माणसे मागोमाग निघाली आणि टेकडी परत मिळाली.

19 ऑक्टोबरला त्यांची डिव्हिजन प्योंगयांगमध्ये शिरली, म्हणजे ते स्वतःच्या मुलखात परतले. पण चीन युद्धात उतरला आणि शहर पुन्हा सुटले. 1951च्या हिवाळ्यात त्यांना जिरी डोंगरातल्या गनिमांविरुद्ध पाठवले गेले. मांचुरियात शिकलेले काम त्यांनी आता आपल्याच देशात केले, आणि मोहिमेत गावकरीही भरडले गेले. जानेवारी 1953मध्ये, 32व्या वर्षी, ते कोरियाचे पहिले चार तारांचे जनरल झाले.

आपल्याकडचा एक धागाही इथे येतो. 1953च्या युद्धविरामानंतर घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय पथक गेले, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. थोरात. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने थेट युद्धविराम रेषेवर उतरवावे लागले.

1960मध्ये पैक निवृत्त झाले, मग राजदूत, मग वाहतूकमंत्री. 2009मध्ये सरकारी समितीने त्यांचे नाव जपानधार्जिण्यांच्या यादीत घातले. 2020मध्ये त्यांना देजॉनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरले. दफनभूमीच्या संकेतस्थळावर त्यांच्या नोंदीपुढे तो शिक्का होता. जुलै 2023मध्ये तो काढला गेला, आणि त्याच महिन्यात दाबूदोंगला त्यांचा पुतळा उभा राहिला.